समुपदेशनाची परिभाषा आणि धर्मसेवक : एक चिकित्सा

अमेरिकेत समुपदेशनाचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यास राज्य शासनाचा परवाना घ्यावा लागतो. व्हर्जिनिया राज्याने १९७६ साली असा कायदा प्रथम केला. २००९ साली कॅलिफोर्नियाने तो केल्यावर पन्नासही राज्ये या व्यवस्थेखाली आली. परवान्यासाठी ज्या परीक्षा ग्राह्य धरल्या जातात त्यांत 'नॅशनल कौन्सेलर एक्झामिनेशन' ही प्रमुख होय. १९८२ साली स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय मंडळाने १९८३ पासून ती घेण्यास आरंभ केला. दोनशे प्रश्न, प्रत्येकाखाली काही पर्याय आणि त्यांतून अचूक तेवढा निवडावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. साहजिकच या परीक्षेसाठी 'अभ्यासावयाच्या महत्त्वाच्या संज्ञा' अशा याद्या सिद्ध होतात. डावीकडे संज्ञा, उजवीकडे दोन ओळींची व्याख्या. पाठ करावे आणि परीक्षेस बसावे.

अशा याद्यांची टिपणे आता आपल्या गुरुविद्यार्थ्यांच्या वह्यांत आणि धर्मशिक्षकांच्या शिबिरांतही आढळू लागली आहेत. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. जो मनुष्य दररोज इतरांची दुःखे ऐकतो त्याने ऐकण्याचे शास्त्र शिकावे, हे उचितच आहे. परंतु परीक्षार्थ्यासाठी रचलेली यादी धर्मसेवकाच्या हाती आली म्हणजे तिच्यातील कोणते शब्द तो उचलतो आणि कोणते वहीतच पडून राहतात, याची चिकित्सा व्हावयास हवी. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

यादीचे श्रेय

प्रथम गुणांविषयी. सिग्मंड फ्रॉइड यांच्यापासून अलीकडील उपचारपद्धतींपर्यंतचा विचार, एरिक एरिक्सन यांनी १९५० साली ग्रंथरूपाने मांडलेले मानवी विकासाचे आठ टप्पे, गटकार्याची तत्त्वे, मोजमापाची साधने, व्यवसायाची नीती, हे सारे अशा एका यादीत सामावते. व्याख्या नेमकी असल्यामुळे दोन समुपदेशक एक शब्द एकाच अर्थाने वापरू शकतात. हा नेमकेपणा आपल्या व्यवहारात कमी आहे. 'त्याचे चित्त ठिकाणावर नाही', 'त्या घराला काहीतरी लागले आहे' एवढ्यावर आपले निदान पुष्कळदा थांबते. झोप, भूक आणि जगण्याची इच्छा हरवून बसलेल्या मनुष्यास 'श्रद्धा वाढवा' असे सांगून परत पाठविले जाते. नैराश्य हा आजार आहे; त्यावर उपचार आहेत; आणि जीव देण्याचा विचार मनात येतो काय, असे सरळ विचारल्याने तो विचार बळावत नाही. या तीन गोष्टी जरी एखाद्या धर्मशिक्षकाने यादीतून उचलल्या तरी तिचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

दोन जातींच्या संज्ञा

यादी वर्णानुक्रमाने लावलेली असते, आणि तिचा मोठा दोष येथेच आहे. तिच्यात वस्तुतः दोन अगदी भिन्न जातींचे शब्द आहेत. पहिल्या जातीचे शब्द समोर बसलेल्या व्यक्तीचे वर्णन करतात : नकार, प्रक्षेपण, समर्थन, प्रतिरोध, अवलंबित्व. दुसऱ्या जातीचे शब्द ऐकणाऱ्याला बांधतात : गोपनीयता, माहितीपूर्वक संमती, दुहेरी संबंध, प्रतिसंक्रमण, स्वतःच्या कुवतीची मर्यादा, योग्य तज्ज्ञाकडे पाठवणी. वर्णानुक्रमामुळे या दोन्ही जाती एकमेकींत मिसळतात आणि परीक्षेत त्यांना गुणही सारखेच पडतात. वाचणाऱ्याला सर्व शब्द म्हणजे एकाच प्रकारची माहिती वाटू लागते.

यांपैकी पहिल्या जातीचे शब्द आपण चटकन आपलेसे करतो. ते सोयीचे असतात. समजा, एखाद्या धर्मग्रामस्थाने सणाच्या खर्चाचा हिशेब मागितला. पूर्वी आपण त्याला 'भांडखोर' म्हटले असते. आता 'तो घरातला राग इथे प्रक्षेपित करतो' असे म्हणतो. एखादी विधवा सहा महिने मिस्सेला आली नाही, तर ती 'नकाराच्या अवस्थेत' आहे असे ठरते. संरक्षण यंत्रणांची पद्धतशीर मांडणी ॲना फ्रॉइड यांनी १९३६ साली केली ती मनाच्या धडपडीचा अभ्यास म्हणून. हिशेब मागणाऱ्याचे तोंड बंद करण्याचे साधन म्हणून ती केलेली नव्हती. ज्याच्याजवळ आधीच वेदीचा अधिकार आहे त्याच्या हाती हे शब्द आले म्हणजे त्या अधिकारात शास्त्राच्या अधिकाराची भर पडते. समोरच्याला मग उत्तर देण्यास जागाच उरत नाही. त्याने नाही म्हटले तर तोही 'प्रतिरोध' ठरतो.

एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या पाच अवस्थांचे असेच झाले आहे. नकार, राग, सौदा, विषाद आणि स्वीकार हा क्रम कोणतीही यादी देते. या विचाराचा उगम मात्र यादीत नसतो. १९६५ साली शिकागो येथील ईशज्ञानाचे चार विद्यार्थी मृत्यूविषयी अभ्यास करण्यासाठी त्यांच्याकडे आले. त्या निमित्ताने मरणासन्न रुग्णांशी संवाद सुरू झाले आणि १९६९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या अवस्था प्रथम सांगितल्या गेल्या त्या स्वतः मृत्यूला सामोरे जाणाऱ्यांविषयी. पुढे त्या मागे राहिलेल्यांच्या शोकालाही लावण्यात आल्या, आणि प्रत्येकाने त्या क्रमाने चढावयाच्या पायऱ्या असल्याचा समज पसरला. क्युब्लर-रॉस यांनीच शेवटच्या काळातील लेखनात या समजाचे निराकरण केले. तरीही 'महिनामास झाला, अजून ही रागाच्याच पायरीवर' असे बोल ऐकू येतात. ज्या प्रश्नाचा आरंभ रुग्णाजवळ बसून त्याला बोलू देण्यात झाला, त्याचे उत्तर आपण रुग्णाला न ऐकण्याची सबब म्हणून वापरावे, हा विपर्यास आहे.

व्याख्येतून गळालेला इतिहास

दोन ओळींच्या व्याख्येत इतिहास मावत नाही, हे खरे. पण आपल्या दृष्टीने जो गळतो तोच भाग महत्त्वाचा आहे. या शास्त्राचे आणि ख्रिस्ती सेवेचे नाते जुने व गुंतागुंतीचे आहे. झुरिचचे पाळक ऑस्कर फिस्टर आणि फ्रॉइड यांचा पत्रव्यवहार १९०९ पासून फ्रॉइड यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत चालला. फ्रॉइड यांनी १९२७ साली धर्माला भ्रम ठरविणारे पुस्तक लिहिले. फिस्टर यांनी पुढच्याच वर्षी त्याला लेखी उत्तर दिले, आणि मैत्री तुटली नाही. अमेरिकेत ॲन्टन बॉयसन या पाळकांना १९२० साली स्वतः मनोरुग्णालयात राहावे लागले. १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथील मनोरुग्णालयात त्यांनी ईशज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात शिकविण्यास आरंभ केला. ग्रंथांइतक्याच काळजीने जिवंत माणसे वाचावयास शिका, असा त्यांचा आग्रह होता.

कार्ल रॉजर्स हे तर न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीचे विद्यार्थी. दोन वर्षांनी, १९२६ साली, ते ती सोडून मानसशास्त्राकडे वळले. १९५७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी व्यक्तीत बदल घडून येण्यासाठी आवश्यक आणि पुरेशा अशा सहा अटी सांगितल्या. त्यांतील ज्या तीन पुढे सर्वतोमुखी झाल्या त्या अशा : समानुभूती, विनाअट आदर आणि अंतर्बाह्य एकरूपता. वाचकांच्या ध्यानात येईल की या तिन्ही अटी ऐकणाऱ्यावर आहेत. येणाऱ्याने पश्चात्तापी असावे, नम्र असावे, स्पष्ट बोलावे अशी अट रॉजर्स यांनी घातली नाही. यादीत मात्र या तीन संज्ञा एखाद्या औषधाच्या घटकद्रव्यांसारख्या दिसतात.

मराठी प्रतिशब्दांचा प्रश्न

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. 'समुपदेशन' हा शब्द आता इतका रुळला आहे की तो बदला म्हणणे व्यर्थ होय. परंतु त्याच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे, हे विसरता कामा नये. रॉजर्स यांनी १९४२ च्या ग्रंथापासून जे सोडून देण्यास सांगितले, म्हणजे सल्ला देणे, मन वळविणे, बोध करणे, नेमके तेच आमच्या शब्दात प्रतिष्ठित झाले आहे. येणारा उपदेश ऐकण्याच्या तयारीने येतो, धर्मगुरू उपदेश करण्यात निष्णात असतो, आणि मधला शब्द दोघांनाही अनुकूल असतो. मग पाच मिनिटांत गाऱ्हाणे आणि पंचवीस मिनिटे प्रवचन, असा प्रकार घडतो, आणि त्याला समुपदेशन म्हणण्यास भाषेची आडकाठी येत नाही.

येथे आपल्या पवित्र शास्त्राच्या भाषेकडून साहाय्य घेता येईल. इंग्रजीच्या काही भाषांतरांत यशयाच्या नवव्या अध्यायातील राजपुत्राची उपाधी आणि योहानाच्या चौदाव्या अध्यायातील पवित्र आत्म्याची उपाधी या दोहोंसाठी 'कौन्सेलर' हा एकच शब्द योजलेला आहे. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरात मात्र पहिल्या ठिकाणी 'मंत्री' आहे आणि दुसऱ्या ठिकाणी 'कैवारी'. मंत्री मसलत देतो. कैवारी बाजू घेऊन जवळ उभा राहतो. ग्रीक भाषेतील 'पाराक्लेतोस' म्हणजे साहाय्यासाठी जवळ बोलावलेला. बोलावणारा अडचणीत असलेला मनुष्य आहे, हे त्या शब्दातच आले. धर्मसेवकाने समुपदेशन या शब्दाचा अर्थ लावताना मंत्र्यापेक्षा कैवाऱ्याचे स्मरण ठेवावे, असे सुचवावेसे वाटते.

ऐकणाऱ्याला बांधणारे शब्द

आता दुसऱ्या जातीच्या संज्ञा. यांतील चार आपल्या परिस्थितीत विशेष विचारार्ह आहेत.

पहिली संक्रमण आणि तिची जोडीदार प्रतिसंक्रमण. लहानपणी आईवडिलांविषयी बाळगलेल्या भावना रुग्ण उपचारकावर आणून ठेवतो, हे फ्रॉइड यांनी १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या एका रुग्णकथेत विशद केले. उपचारकाच्या स्वतःच्या मनात उठणाऱ्या भावनांना त्यांनी १९१० साली प्रतिसंक्रमण हे नाव दिले. मनोविश्लेषकाच्या खोलीत रुग्णाला समोरच्या परक्या मनुष्यात पिता दिसू लागण्यास काळ जावा लागतो. आपल्याला तर लोक उंबरठ्यावरच 'फादर' म्हणून हाक मारतात. ज्याचा पिता प्रेमळ होता तो आपल्याकडून सर्व काही अपेक्षितो. ज्याचा पिता मारकुटा होता तो आपल्याला भितो किंवा उगाच भांडतो. दोन्ही ठिकाणी बोलणे आपल्याशी चाललेले नसते, आणि कौतुकाने फुगण्याचे वा रागाने दुखावण्याचे कारण नसते. एकाकी धर्मगुरूला कोणाची कृतज्ञता गोड वाटू लागली, अमुक एका व्यक्तीची वेळ लांबू लागली, भेटीची जागा बदलू लागली, तर त्याने यादीतील दुसरा शब्द आठवावा आणि आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकाकडे जावे. अमेरिकन समुपदेशक संघटनेच्या २०१४ च्या नीतिसंहितेत शेवटच्या व्यावसायिक भेटीनंतरही पाच वर्षे प्रणयसंबंध निषिद्ध मानला आहे. ज्याने आयुष्यभराचे व्रत घेतले आहे त्याला हा नियम कशाला, असे कोणी म्हणेल. पण तो नियम उपचारकाच्या व्रताच्या रक्षणासाठी केलेला नाही. विश्वासाने जवळ आलेल्या दुबळ्या व्यक्तीच्या रक्षणासाठी तो आहे.

दुसरी संज्ञा माहितीपूर्वक संमती. येथे काय होणार, किती वेळा यावयाचे, हे ऐकणाऱ्याचे शिक्षण कोणते, सांगितलेले कोणाकोणाला कळेल, हे येणाऱ्याला आधी कळावे आणि मगच त्याने होकार द्यावा. आपल्याकडे सासूसासरे सुनेला घेऊन येतात आणि म्हणतात, 'फादर, हिला जरा समजवा.' समुपदेशन कोणाचे, हे तेथे तिऱ्हाईतांनी ठरविलेले असते. तिची संमती विचारलेलीच नसते. अशा वेळी तिला एकटीला बसवून 'तुम्हाला बोलावयाचे आहे काय, नसेल तर मी त्यांना तसे सांगेन' एवढे विचारणे, हा त्या संज्ञेचा आपल्या अंगणातील अर्थ होय.

तिसरी संज्ञा दुहेरी संबंध. समुपदेशक हा त्याच व्यक्तीचा मालक, परीक्षक, नातलग वा ऋणको नसावा. मोठ्या शहरात हे पाळता येते. पण इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी उपासकांचा समूह लहान असतो. बेळगावच्या खेड्यांत तर सगळे एकमेकांचे भावबंद. तेथे एकच धर्मगुरू पापनिवेदन ऐकतो, शाळेचा व्यवस्थापक असतो आणि दाखले, शिफारसी व नोकऱ्या यांची सूत्रेही त्याच्याच हाती असतात. शाळेतील शिपायाची पत्नी त्याच्या दारूविषयी सांगावयास आली, तर ती पतीविषयी बोलते आहे की त्याच्या मालकापुढे त्याची तक्रार करते आहे, हे तिलाही उमगत नाही. यादी म्हणते, असा संबंध टाळा. टाळणे अशक्य असेल तेथे काय करावे, याचे उत्तर आपल्याच घरात आहे. १९८३ च्या धर्मसंहितेचा ९८५ वा नियम सांगतो की गुरुविद्यालयाच्या प्रमुखाने तेथेच राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन त्यांनी स्वतः होऊन मागितल्याखेरीज ऐकू नये. गुरुदीक्षेस पात्र कोण हे ठरविताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचे व पापनिवेदन ऐकणाऱ्याचे मत कधीही विचारू नये, असे २४० वा नियम बजावतो. पापनिवेदनातून कळलेल्या गोष्टीचा उपयोग अधिकाऱ्याने बाह्य कारभारात करू नये, हे ९८४ व्या नियमात आहे. 'दुहेरी संबंध' ही संज्ञा परकी आहे. तिच्यातील विवेक आपल्याला परका नाही. जो विवेक आपण गुरुविद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवला तो शिपायाच्या पत्नीलाही लागू करावयास हवा. म्हणजे तिच्यासाठी शेजारच्या धर्मग्रामातील धर्मगुरू किंवा एखादी जाणती धर्मभगिनी शोधून द्यावयास हवी.

चौथी संज्ञा गोपनीयता आणि तिच्या मर्यादा. प्रत्येक यादीत 'तारासॉफ' हे नाव असते. १९६९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय तरुणाने आपल्या उपचारकाजवळ एका तरुणीच्या हत्येचा मनोदय व्यक्त केला. उपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले. त्यांनी तरुणाची चौकशी करून त्याला सोडून दिले. तातियाना तारासॉफ हिला वा तिच्या घरच्यांना कोणीच सावध केले नाही, आणि तिचा खून झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली व पुन्हा १९७६ साली निर्णय दिला की धोक्यात असलेल्या व्यक्तीप्रतही उपचारकाचे कर्तव्य असते. आपल्या देशात बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचे १९ वे कलम अशा अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळविण्याचे बंधन घालते.

येथे पापनिवेदनाची मोहोर आणि समुपदेशनाची गोपनीयता यांची गल्लत होते, आणि ती घातक आहे. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात त्या संस्काराची मोहोर ९८३ व्या नियमानुसार अभेद्य आहे. ती कार्यालयातील खुर्चीवर झालेल्या बोलण्याला लागू होत नाही, आणि धर्मशिक्षकाला तर मुळीच नाही. 'फादरांना सांगितले म्हणजे झाकले गेले' असा समज करून देऊन मुलांवरील अत्याचार दडविणे हा धर्माचा आधार घेऊन केलेला अधर्म होय. संस्कारात एखाद्या पीडिताने आपली व्यथा सांगितली, तर त्याला त्याचे हक्क आणि दाद मागण्याचे मार्ग समजावून द्यावेत, असे रोमच्या प्रायश्चित्त न्यायासनाने २०१९ च्या टिपणात स्पष्ट केले आहे.

उलट बाजूस, जेथे गोपनीयता पाळावयास हवी तेथे आपण सैल असतो. घरगुती प्रार्थनासभेत 'अमक्या भगिनीच्या संसारासाठी विशेष प्रार्थना' मागितली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिचा संसार चर्चेचा विषय होतो. प्रवचनात 'माझ्याकडे एक बाई आल्या होत्या' असा दाखला दिला जातो. चाळीस कुटुंबांच्या समूहात ती बाई कोण, हे नाव न घेताही सर्वांना समजते.

यादीत नसलेले

यादीची एक मर्यादा शिल्लक राहते. पाप, क्षमा, कृपा, प्रार्थना हे शब्द तिच्यात नसतात, आणि तिच्या हेतूच्या दृष्टीने ते असण्याचे कारणही नाही. समुपदेशकाने स्वतःची मूल्ये लादू नयेत, हा तिचा दंडक आहे. विनाअट आदर म्हणजे पापमुक्ती नव्हे. ज्याने खरोखरच कोणाचे वाईट केले आहे त्याच्या अपराधभावनेवर केवळ समजुतीने औषध होत नाही. त्याला क्षमेची आणि भरपाईची वाट हवी असते. मात्र या मर्यादेकडे बोट दाखवून यादीतील शिस्त टाळण्याचा मार्ग आपण काढू नये. विहिरीजवळ शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूने प्रथम तिच्याकडे पाणी मागितले, आणि तिचे जीवन तिच्यापुढे ठेवले ते त्यानंतर. जो क्षमेची भाषा बोलतो त्याने आधी ऐकण्याची भाषा शिकलेली असावी.

काही सूचना

गुरुविद्यालयांत व शिबिरांत अशा याद्या जरूर शिकवाव्यात. परंतु वर्णानुक्रम मोडून त्यांचे दोन भाग करावेत : येणाऱ्याविषयीचे शब्द आणि ऐकणाऱ्यावरचे शब्द. दुसरा भाग प्रथम शिकवावा. पहिल्या भागातील एकही शब्द धर्मशिक्षकाने कोणाच्या तोंडावर वा पाठीमागे वापरू नये; तो मनातल्या मनात समजण्यासाठी आहे. प्रत्येक भेटीच्या आरंभी 'हे पापनिवेदन नव्हे. तुमचे बोलणे मी कोणाला सांगणार नाही, परंतु कोणाच्या जिवाला किंवा मुलाला धोका असेल तर मला गप्प बसता येणार नाही' हे दोन वाक्यांत सांगावे. आपल्या अधिकाराखाली असलेल्या व्यक्तीसाठी दुसरा ऐकणारा नेमून ठेवावा. जवळच्या मनोविकारतज्ज्ञाचा पत्ता कार्यालयाच्या भिंतीवर असावा, आणि तेथे पाठविल्यानंतरही त्या घरी जाणे थांबवू नये.

परवान्याची परीक्षा अमेरिकेतील समुपदेशकाला एकदा द्यावी लागते. आपल्याकडे धर्मग्रामातील माणसे स्वेच्छेने दार ठोठावतात, हाच आपला परवाना. सांगितलेली गोष्ट बाहेर फुटली, किंवा सांगणाऱ्यालाच एखादे शास्त्रीय नाव चिकटले, तर ती पुन्हा येत नाहीत, आणि का येत नाहीत हेही सांगत नाहीत.